माथ्याच्या चार पावलं अलीकडे

दोंडाईचाजवळच्या आमच्या गावात सत्काराचा मांडव माझ्याच हुकमाने घातला होता. मी लीलाधर, निवृत्त क्रीडाशिक्षक. रागीट म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी मी कष्टाने मिळवली आहे. माझी विद्यार्थिनी दिपमाला कांचनजुंगा चढून आली होती. ‘शिखरावर पाऊल ठेवणारी गावाची लेक’ असा भलामोठा फलक मीच छापून घेतला.

कार्यक्रमाला अर्धा तास असताना पोरगी म्हणाली, “सर, मी शिखरावर पाऊल ठेवलेलं नाही.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ती मात्र शांतपणे सांगत होती. सिक्कीमचे लोक त्या डोंगराला देव मानतात. १९५५ साली जे दोघे पहिल्यांदा वर पोचले, ते माथा न तुडवण्याचा शब्द पाळून काही पावलं अलीकडेच थांबले. तेव्हापासून बरेच जण तिथेच थांबतात. तीही थांबली. गिर्यारोहक ही चढाई पूर्ण धरतात, म्हणाली.

धरत असतील, पण आमचं गाव धरेल? मी तिला माइकवर काही बोलू नकोस म्हणून दरडावलं. खोट्या कौतुकाची शाल आपण घेणार नाही, असं तिनेही मला तितक्याच ठामपणे सुनावलं. पोरगी माझ्याच तालमीतली, बोलणार कोणाला?

माइक हातात येताच तिने सगळं सांगून टाकलं. इतक्या जवळ जाऊन परत कशाला आली, असं मागून कोणीतरी विचारलं. दोघं-तिघं हसले. दिपमाला मान खाली घालून उभी राहिली. तिच्या पाच वर्षांच्या मेहनतीची माती होणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या बेबाबाई उठल्या. वय ऐंशीच्या घरात, पण चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणं त्यांनी कधी चुकवलेलं नाही.

“चाळीस वरीस व्हयनात, मी पायी गडवर जास,” त्या म्हणाल्या. “आईना मंदिरवरना शिखरवर कधी पाय नही ठेवा. मंग मन्ही यात्रा खोटी शे का?”

यात्रा करून आलेल्याच्या पाया पडायचं, मग तो वयाने लहान का असेना, ही आमच्याकडची रीत. बेबाबाई कशाबशा व्यासपीठावर चढल्या आणि दिपमालाच्या पायांशी वाकल्या. ती “अक्का, नको” म्हणत मागे सरली.

“उभी ऱ्हाय. देवनी यात्रा करीसन उनी तू.”

त्या म्हातारीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तिच्यामागे रांग लागली. हसणारेही त्यात होते. मीही जाऊन उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा दिपमालाच्या डोळ्यांना धार लागली होती. सर, निदान तुम्ही तरी नको, म्हणाली.

“गप उभी राहा,” मी मैदानावरच्या आवाजात ओरडलो आणि वाकलो.