कंबर दुखायची थांबली तेव्हा

माझ्या नवऱ्याची कंबर दुखायची थांबली, त्या सकाळी आमच्या घरात सगळे हसत होते. ते हसणं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

तो टॉवर क्रेन चालवतो. इमारत जिथवर गेली असेल त्याच्याही वर त्याची काचेची केबिन, एक खुर्ची मावेल एवढी. साइटवर त्याला ‘वरचा’ म्हणतात. ‘वरच्याच्या मनात असेल तर जेवणाआधी सळया येतील’ हा तिथला रोजचा विनोद. लोकांना वाटतं, खुर्चीत बसून दांडे ओढायचे, त्यात कसले आलेत कष्ट? पण माल असतो खाली आणि बघायची काच असते पायांच्या मधे. दिवसभर कमरेत वाकून, गुडघ्यांमधून खाली बघत बसायचं, आणि बुडाखाली खुर्ची सारखी थरथरत असते. लघवीला खाली उतरायचं तर सगळी साइट खोळंबते. म्हणून ही माणसं सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि आलेली दाबून धरतात. वर एक बाटली असते, अगदीच नाइलाज झाला तर. जास्त वेळ कोण धरतो, यावर त्यांच्यात पैजा लागतात. बूड बधिर झालं तर मांडी बदलायची आणि पुढचा माल उचलायचा.

कंबर कितीतरी महिने दुखत होती. मग कळ पायात उतरली आणि घरात जितकी तोंडं तितके उपाय सुरू झाले. धाकटा दीर म्हणाला, फळीवर झोप. सासूबाईंनी तेल जिरवलं. शेजारच्या काकांनी स्वतःचा वापरलेला पट्टा आणून दिला. नवरा तो पट्टा इतका आवळून बांधायचा की घास गिळताना त्याला धाप लागायची. खोकला आला तरी भिंत धरायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी तो दिवसभर पडून राहिला आणि संध्याकाळी उठताना लहान मुलासारखा ओरडला. शेवटी मीच त्याला ओढत दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंकडे नेलं.

त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा कणा हातात घेऊन समजावलं. मणक्यांच्या मधे गाद्या असतात. सतत वाकून बसलं की गादी मागच्या बाजूने फुगते आणि नसेवर चढते. मी गाद्यांच्या दुकानात उशांच्या खोळी शिवते, मला लगेच समजलं. शिवण उसवली की कापूस असाच बाहेर येतो. बाई म्हणाल्या, पडून राहणं हे औषध नाही. चाला. जमेल तेव्हा खुर्चीतून उठा, पाठीमागे उशी घ्या, वजन उचलताना गुडघ्यात वाका. पट्टा सोडा, त्याने स्नायू आळशी होतात. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम सांगते, ते रोज करा. बहुतेकांची कंबर ऑपरेशनशिवाय बरी होते, फक्त धीर धरावा लागतो.

“आणि काही वेगळं वाटलं तर लगेच या,” असंही त्या म्हणाल्या. वेगळं म्हणजे काय, हे ऐकायला नवरा थांबला नाही. त्याला कामावर जायचं होतं.

धीर आमच्या घरात कुणाकडेच नव्हता. दिराने त्याला एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने पाठीत गुडघा रोवून असा पीळ दिला की आवाज बाहेर बसलेल्या दिराला ऐकू आला. घरी आल्यावर नवरा तळमळत राहिला. आणि मग ती सकाळ आली. तो उठला, सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “अगं, दुखत नाही! अजिबात दुखत नाही.”

सासूबाई एरवी म्हणायच्या, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. त्या दिवशी म्हणाल्या, “माझ्या लेकाचं जातानाही हत्तीवर बसून गेलं बघ!” नवरा मोरीत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा कपाळ पुसत होता. डबा घेऊन निघाला, आणि जिन्यात त्याच्या पायातली एक चप्पल मागेच राहिली. तो तसाच दोन-तीन पायऱ्या उतरला. “आनंदात चपलेची शुद्ध नाही,” असं म्हणून दीर हसला. मीही हसले.

दुकानात जाता जाता मी बाईंकडे गेले. आता यायची गरज नाही, एवढंच सांगायचं होतं.

“पायाची कळ?” त्यांनी विचारलं.

“तीही गेली. पाय जरा जड आहेत म्हणतो.”

“चालताना पंजा घासतो का?”

मी हसत हसत चपलेचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“लघवी नीट होते?”

“अहो बाई, ती क्रेनवाली माणसं. दाबून धरणं हाच त्यांचा धंदा. सकाळी म्हणाला, पाणी कमी पितो ना, म्हणून आली नाही.”

हे माझ्याच तोंडून ऐकलं आणि मी हसायची थांबले.

“नीट ऐका,” बाई उठून उभ्या राहिल्या. “दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. नस मरायला लागली तरी दुखायचं थांबतं. बसायची जागा बधिर झाली असेल आणि लघवी कळत नसेल, तर त्यांना आत्ताच्या आत्ता आणा. उद्या नाही. मी सर्जनना सांगून ठेवते.”

मी साइटपर्यंत कशी गेले ते मला सांगता येणार नाही. केबिनमधे फोन न्यायला बंदी, त्याचा फोन खाली कपाटात. खालून त्याच्याशी बोलायचं ते फक्त वॉकीटॉकीवर, आणि ते काम भोंग्याचं. भोंगा म्हणजे माल कुठे उतरवायचा ते खालून सांगणारा माणूस. आवाज तसा म्हणून नाव तसं. वर काँक्रीटची बादली लोंबकळत होती. साहेब म्हणाला, “ताई, स्लॅब चालू आहे, जेवणाच्या सुट्टीत बोला.” मी भोंग्याच्या हातातून वॉकीटॉकी हिसकावून घेतला.

“अरे, मी बोलतेय. तुला आज लघवी झाली का?”

तो आवाज साइटवरच्या प्रत्येक वॉकीटॉकीतून निघाला. सगळीकडून हसणं ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, “वरच्याची बायको थेट वरच पोचली!”

“वेडी झालीस का?” नवराही हसत होता. “बाटली आहे वर.”

“बाटलीत काही आहे का?”



“नाही. आली नसेल. दाबून धरायची सवय आहे.”

“आलीये पण धरलीस, का आलेलीच कळत नाही?” माझा आवाज चिरकायला लागला होता. “बुडाला चिमटा काढ. जोरात. माझी शपथ आहे.”

हसणं हळूहळू थांबलं. काँक्रीट पसरणारी माणसं फावडी टेकून वर बघत होती.

“काढला,” तो म्हणाला. “पुन्हा काढला. मला काही कळत नाही गं.”

बादली त्याने अलगद स्लॅबवर टेकवली. त्याचे हात शाबूत होते. पण वरून माणूस खाली आणायचा तर पाळणा लागतो, पाळणा क्रेनला लागतो, आणि क्रेन चालवणारा तोच एकटा. साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. तो अग्निशमनवाल्यांना फोन लावत बसला. भोंगा मात्र वॉकीटॉकीचं बटण चिकटपट्टीने दाबून, तो कमरेला अडकवून शिडीवर चढला. मला त्याने दुसऱ्या माणसाचा मिळवून दिला होता.

नवऱ्याला पायरी पायाला लागलेली कळत नव्हती. भोंगा त्याच्या खाली राहून त्याचा पाय हाताने धरायचा आणि दांडीवर ठेवायचा. “डावा ठेवला. टाक भार. आता उजवा.” मी खाली उभी राहून ऐकत होते. मधेच नवऱ्याचा श्वास ऐकू यायचा, मधेच धातूवर काहीतरी आपटायचं. एकदा भोंगा ओरडला, “धर! हाताने धर!” देवाला मी काय काय कबूल केलं ते त्यालाच माहीत. नवरा जमिनीवर आला तेव्हा त्याच्या हाताची सालटी निघाली होती आणि पँट ओली होती. ती ओली झाल्याचं त्याला माहीतच नव्हतं. साइटवरचं एकही माणूस हसलं नाही.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. सर्जन म्हणाले, पाय बहुतेक येतील. बाकीचं सांगता येत नाही, मधे बराच वेळ गेलाय. बाकीचं म्हणजे काय ते नवऱ्याने विचारलं नाही. खाटेला पिशवी लटकत होती, तिच्यात नळीतून थेंब पडत होते. तो छताकडे बघत पडायचा. मी त्याला पुसायचे, कूस बदलायचे, आणि दुकानातल्या गमती सांगायचे. सगळ्या खोट्या.

रोज सकाळी एक तरुण डॉक्टरीण सुई घेऊन यायची. त्याला डोळे मिटायला सांगायची आणि ठिकठिकाणी हलकंच टोचायची. टोचलं की सांगायचं. गुडघ्यावर त्याला कळायला लागलं होतं, नडगीवरही. त्या सकाळी नडगी झाल्यावर तिने बसायची जागा तपासायला त्याला कुशीवर वळवलं. मी उशाशी उभी होते. त्याने माझा हात घट्ट धरला होता.

“हो,” तो म्हणाला. “टोचलं.”

डॉक्टरीण थबकली.

“आत्ता डावीकडे,” तो डोळे मिटूनच म्हणाला. परीक्षेत उत्तर आल्यासारखा त्याचा आवाज झाला होता. “आता उजवीकडे. कळतंय गं, सगळं कळतंय.”

डॉक्टरिणीचा हात अजून हवेतच होता. सुई तिने त्याला लावलीच नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर आहे रे,” मी म्हणाले. “बरोबर सांगतोयस.”