भांगेच्या सालीचा दोर

मित्रांनो, मी दोर आहे. जुना आहे आणि सध्या भयंकर चिडलेला आहे. कुल्लूच्या वरच्या अंगाला एका डोंगरगावात खिमीअम्मानं मला वळलं. माझं मूळ भांगेचं रोप. नाव ऐकून लगेच नाकं मुरडू नका. आमच्याकडे त्याचं बी भाजून, वाटून सिड्डूत, म्हणजे वाफवलेल्या भाकरीत भरतात आणि सालीचे जोडे विणतात. देवाच्या अंगणात चामडं चालत नाही, म्हणून पुजारी तेच जोडे घालतात.

अम्मानं हिवाळाभर चुलीशी बसून काड्यांची साल सोलली, मांडीवर पीळ दिला आणि मी झालो. वर्षानुवर्षं मी कड्यावरून गवताचे भारे उतरवले. एकदा दरीत घसरलेली गाय मी वर ओढून आणली. "अम्मा, दोर असावा तर असा!" असं सगळं गाव म्हणालं. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

पण तेच रोप हातावर चोळलं की चरस निघतो. अम्माचा थोरला, लोतम, त्यापायी वाया गेला. शाळेत असतानाच ओढायला लागला. आता उंबऱ्यावर बसून उगाच हसतो, हाक मारली तरी वळत नाही. त्याला चरस विकणारा जीपवाला आजही गावातून मिरवत जातो. त्याच्या केसालाही कुणी धक्का लावत नाही. माझं पित्त खवळतं ते इथे.

गेल्या शरदात पोलीस आले आणि अम्मानं सालीसाठी राखलेलं शेत उपटू लागले. धाकटा गेहरू आडवा आला.

"साहेब, हे चोळलेलं नाही! चोळलं की हात काळे होतात. माझे बघा ना!"

"हात कोर्टात दाखव," हवालदार म्हणाला. "अरे, बांधायला काही आहे का इथं?"

खुंटीवर मी होतो. त्यांनी माझ्यानं रोपांचा भारा बांधला आणि उरलेलं टोक गेहरूच्या मनगटांना आवळलं. ज्या रोपासाठी धरलं, त्याच्याच सालीनं त्याला बांधलं! उंबऱ्यावर लोतम तेवढा हसला.

अम्मा हवालदारावर तुटून पडली. "नियम करा ना मेल्यांनो! कुणी लावायचं, किती, कशासाठी, ते ठरवा आणि येऊन मोजा. पोरांना विकेल त्याला खुशाल डांबा, मी स्वतः दाखवते कोण ते! माझ्या गेहरूनं काय केलंय?"

"कायदा आहे, अम्मा. बाजूला हो."

भारा पुढे जाळला. मी ठाण्याच्या कोठीत उंदरांसोबत पडून राहिलो. परवा मुन्शीनं मला अम्माच्या हातात दिलं. "नुसता दोर आहे. घेऊन जा."

"हासुद्धा भांगच आहे, बाबूजी," अम्मा म्हणाली. "मग याला कसं सोडलं?"

गेहरू अजून आतच आहे.

अम्मानं मला घरी नेलं नाही. ठाण्याच्या फाटकाला करकचून बांधलं आणि ती एकटीच डोंगर चढून गेली. मित्रांनो, येता-जाता मला हात लावून बघा. मी दोर आहे, चरस नाही, हे आंधळ्यालाही कळेल. पण गेहरू बाहेर येईपर्यंत माझी गाठ कुणी सोडू नका.