न खुळखुळणारे काडतूस

मित्रांनो, मी एक जुने काडतूस आहे. रायफलचे, पितळी. घाबरू नका, पण जवळही येऊ नका. तिथूनच ऐका.

माझा जन्म कुठल्याशा थंड मुलखातल्या कारखान्यात झाला. पण माझे खरे घर म्हणजे अबूधाबीबाहेरच्या वाळवंटातला एक नेमबाजी क्लब. तिथे एकदा उडालेले काडतूस फेकून देत नसत. वसईचा बर्नार्ड हा तिथला कारागीर. तो आम्हाला धुऊन, पुसून, मापात आणून पुन्हा भरायचा. त्याच्या हातून मी किती जन्म घेतले, ते मीच विसरले.

लांब पल्ल्याच्या नेमबाजांसाठी भरायची त्याची रीत वेगळी होती. बंदुकीची दारू तो एका लांब नळीतून सावकाश सोडायचा, म्हणजे दाणे दाटीवाटीने बसून गळ्यापर्यंत येत. मग वरून गोळी दाबायची. दाबताना आतले दाणे कुरकुरत. ती कुरकुर बर्नार्ड डोळे मिटून हाताने ऐकायचा. एकदा गोळी बसली की दाण्यांना हलायला तसूभरही जागा उरत नसे. साधी काडतुसे कानाशी हलवली की खुळखुळत, आम्ही मात्र गप्प. "उथळ पाण्याला खळखळाट फार," असे तो कौतुकाने म्हणायचा आणि मी फुशारून जायचे.

क्लबच्या भिंतीवर शोभेची एक फळी होती. तिच्यावर काडतुसांचे नमुने लावलेले. वर गोळी, पोटात काहीच नाही. अशा प्रत्येक नमुन्याच्या पोटाला रिकामेपणाची खूण म्हणून भोक पाडायचे, हा बर्नार्डचा नियम. शोभा जाऊ नये म्हणून भोकाची बाजू भिंतीकडे असे. मला त्या नमुन्यांकडे बघवत नसे. मेलेले आणि सजवलेले, असे ते दिसत.

मग २००८ चे मंदीचे साल आले. क्लबच्या मालकाचे दुबईतले टॉवर अर्धेच उभे राहिले आणि क्लबला कुलूप लागणार असे ठरले. भरलेली सगळी काडतुसे सरकारी गाडीत चढवायची होती. त्या धांदलीत मी ट्रेमधून घरंगळून टेबलाखाली गेले. काउंटर सांभाळणाऱ्या क्रिस्टोफरला मी सापडले.

बाहेरून बर्नार्ड ओरडला, "क्रिस्टोफर, यल्ला, चल लवकर! गाडी थांबलीय. काय राहिलंय काय आत?"

क्रिस्टोफरने मला कानाशी धरून हलवले. "नाय रे! एक डमी पडलाय खाली. वाजत नाय. बोर्डवर गॅप आहे, तिथं लावतो."

"लाव, लाव! खलास कर पटकन!"

मला ओरडायचे होते. पण मित्रांनो, मला ओरडायची एकच तऱ्हा येते, आणि तिने माणसे मरतात. मी गप्प राहिले.

दार बंद झाले. एसी थांबला. उन्हाळ्यात ती भिंत तव्यासारखी तापायची. फटींतून आलेली वाळू जमिनीवर सरपटत राहायची आणि पलीकडे भोके पडलेले निशाण्यांचे कागद आपोआप हलायचे. मी शेजाऱ्यांना हाका मारायचे. उत्तर कधीच आले नाही. हळूहळू मला शंका येऊ लागली. तेही गप्प, मीही गप्प. मग माझ्या पोटात तरी काही आहे का? वर्षानुवर्षे मी हेच स्वतःला विचारत होते. मला माझीच भीती वाटू लागली.

एके दिवशी दार उघडले. क्लबच्या जागी कॅफे व्हायचे होते. मुग्धा नावाची पुण्याची इंटिरियर डिझायनर आली आणि फळी पाहून हरखली. "ह्या सगळ्या बुलेट्सचा एक हँगिंग लॅम्प करूया. एकदम युनिक!" झाले, आमची रवानगी मुसफ्फातल्या तय्यबच्या वर्कशॉपमध्ये झाली. काडतुसांची नावे सांगायला तिने बर्नार्डलाही शोधून आणले. तो आता खलिफा सिटीत राहत होता. त्याचे केस पिकले होते.

तय्यबने एकेक नमुना फळीवरून काढून मांडला. मग डाग देऊन जोडायला गॅसच्या नळीतून निळी ज्योत सोडली आणि पहिल्यांदा मलाच चिमट्यात उचलले. आधी कानाशी हलवले. "खाली है, मॅडम."

मुग्धा माझ्या अगदी जवळ वाकली. ज्योतीची धग माझ्या पितळाला लागली आणि इतक्या वर्षांनी मला कळले. माझे पोट भरलेले होते.

बर्नार्ड मांडलेली काडतुसे कौतुकाने न्याहाळत होता. प्रत्येकाच्या पोटाला भोक. त्याची नजर चिमट्याकडे गेली. माझे पोट गुळगुळीत होते. तो पांढराफटक पडला.

"तय्यबभाई, आग बंद करो! अभी!" मग मुग्धाला मागे ओढत पुटपुटला, "मीच म्हटलं होतं, लाव... बघायला पण आलो नाही मी."

ज्योत विझली.

मला पोलिसांच्या हवाली केले. आता मी एका कुलूपबंद खोलीत आहे, आणि लवकरच जाणत्या माणसांच्या हातून माझा शेवट होईल. तोवर एवढेच मागते, मित्रांनो. गप्प आहे म्हणून कुणाला रिकामे समजू नका. असे काही सापडले तर हातही लावू नका, मोठ्यांना बोलवा.

मोठ्यांना, असे म्हणते खरे. पण आज सकाळी एक नवा शिपाई खोलीत आला. त्याने मला डबीतून उचलले, कानाशी नेले आणि हलवले.