बगळ्याची मान

"अहो, मास्तरांची काठी भार टाकून बघितलीत ना?" बायकोने विचारलं आणि काठीवाल्याच्या हातातली पटाशी थांबली.

बघितली नव्हती. तीस वर्षांत एकही काठी त्याने स्वतःचं सगळं अंग टाकून पाहिल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. पण या काठीच्या मुठीला त्याने बगळा कोरला होता. मान इतकी बारीक, इतकी बाकदार उतरली, की भार टाकायची छातीच झाली नाही. काळजी वाटली ती बगळ्याची, म्हाताऱ्या मास्तरांची नाही. आता मात्र त्याने पटाशी खाली टाकली.

"आत्ता ते वाचनालयात असतील," बायको म्हणाली. "चोवीस पायऱ्या आहेत तिथे. पळा!"

चपला कशाबशा सरकवून तो सुटला. साठी उलटलेला माणूस भर बाजारातून धावतो म्हणजे लोकांना फुकटचा तमाशा. "कुठे आग लागलीय?" एकाने विचारलंही. याच्या डोळ्यांसमोर मास्तरांची ऑपरेशन झालेली कंबर होती. उशीर झाला असणार, असंच त्याला सारखं वाटत होतं.

मास्तर सगळ्यात वरच्या पायरीवर होते. काठी खालच्या पायरीवर टेकवून पाय उचलायच्या बेतात.

"थांबा! भार टाकू नका!"

धापा टाकत तो वर पोचला. "काठी द्या मास्तर."

"दिलेली वस्तू परत मागतोस? अरे, चढताना भिंत धरून आलो, हिला नुसतं मिरवलं. आत सगळे हिच्याकडेच बघत होते." मास्तरांनी काठी छातीशी धरली.

"मी तपासली नाही ती. मोडेल म्हणून."

एक हात भिंतीला टेकवून मास्तरांनी काठी पुढे केली. काठीवाल्याने ती पायरीवर रोवली, डोळे मिटले आणि अंग टाकलं.

कट्ट!

तो गुडघ्यांवर आपटला. बगळ्याचं डोकं टणटण उड्या मारत पार खाली गेलं. ते थांबेपर्यंत मास्तर भिंत धरून बघत राहिले.

"दुसरी करशील ना?"

"करतो."

"साधी कर रे. नुसती मूठ."

"बरं," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं.

त्याने खांदा दिला. दोघं घाबरत घाबरत एकेक पायरी उतरले. शेवटच्या पायरीशी बगळ्याचं डोकं पडलं होतं. त्याला पाय लागू नये म्हणून मास्तर जरा बाजूने वळले.