एका स्पीकरवर दोन गिटारी

शिवकन्येचं सकाळपासून कशातच लक्ष लागत नव्हतं. म्हशींपुढं चारा टाकून झाला, पाणी दाखवून झालं, तरी ती उगाच मांडवात येरझारा घालत होती. त्या दुष्काळात युसूफ वडगाव या गावच्या एका दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली होती. शिमगा झाल्यापासून ती आणि तिचा नवरा बिभीषण दोन म्हशी आणि एक कालवड घेऊन तिथंच राहत होते. आज संस्थेचा वर्धापनदिन. चेअरमन अर्जुनरावांनी फर्मावलं होतं, "लोकं बसून बसून वैतागल्यात. सांच्याला तुमी दोघं काहीतरी वाजवा."

दोघंही वाजवणारे. बिभीषण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. शिवकन्या अंबाजोगाईला कॉलेजात असताना साधी, पोकळ लाकडी गिटार शिकली आणि लग्नानंतर त्याच ऑर्केस्ट्रात त्याच्या शेजारी उभी राहिली. पण यंदा लोकांनी लग्नं घरच्या घरी उरकली. ऑर्केस्ट्रा मोडला. कीबोर्डवाला धर्मराज मोठे स्पीकर आणि मिक्सर घेऊन पुण्याला गेला. या दोघांच्या वाट्याला एक पॉवर्ड स्पीकर आला. ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच, आणि मागं वायर खोचायला दोन जागा.

आठवड्यापूर्वी धर्मराजचा फोन आला होता. पुण्यात एका हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवायचं काम होतं. बिभीषण फोनवर नुसता हूं हूं करत राहिला आणि नंतर म्हणाला, "जनावरं कुणाच्या गळ्यात घालायची?" त्या दिवसापासून शिवकन्येच्या जिवाला चैन नव्हतं. रोज संध्याकाळी वाजवायचं! माळावर धुरळ्याशिवाय काही हलत नव्हतं, आणि तिची बोटं शेणाच्या पाटीच्या कडेवरसुद्धा चालायची.

ऊन कलल्यावर दोघांनी बैलगाडीवर स्पीकर ठेवला आणि त्याच्यापुढं उभे राहिले. जनरेटर सुरू झाला. इलेक्ट्रिक सरळ स्पीकरला जोडली की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजते, म्हणून बिभीषणनं मधे पायानं दाबायचा प्रोसेसर लावला. शिवकन्येनं आपल्या गिटारीच्या आत बसवलेल्या, तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपची वायर दुसऱ्या जागी खोचली. माणसं पोत्यांवर दाटीवाटीनं बसली.

सुरुवात तिनं केली. ओवीची चाल होती. बायांची कुजबुज थांबली. पुढंच बसलेली म्हातारी साखराबाई मोठ्यानं म्हणाली, "पोरीचा हात लई ग्वाड हाय!"

तेवढ्यात इलेक्ट्रिकचा आवाज चढला. शिवकन्येला आपलीच तार ऐकू येईना. तिनं मागं हात घालून आपला आवाज वाढवला. बिभीषणनं तिच्याकडं न बघता आपला आणखी चढवला. तिचं डोकं फिरलं. तिनं आपलं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

स्पीकर बोंबलला. पाठीमागून येणारा आवाज तिच्या गिटारीच्या पोकळ पोटात शिरत होता आणि पिकअपमधून पुन्हा स्पीकरमधे जात होता. घुमत घुमत त्याची अशी किंकाळी झाली की लोकांनी कान दाबले. जनावरं बिथरली. दावी तुटली, खुंट उपटले. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. त्या रेट्यात साखराबाई हातावर पडली आणि विव्हळली.

"बंद करा बे ते!" अर्जुनराव ओरडले आणि त्यांनीच जनरेटर बंद केला.

साखराबाईला संस्थेच्या दुधाच्या टेम्पोतून अंबाजोगाईला न्यावं लागलं. मनगट मोडलं होतं. शिवकन्या टेम्पोमागं धावली, पण साखराबाईच्या सुनेनं तिच्याकडं असं पाहिलं की ती जागच्या जागी थिजली. मागं वळली तर यांची कालवड खुंटासकट गायब.

दोघं कोरड्या ओढ्यात तिला हुडकायला उतरले. चालता चालता ती म्हणाली, "आवाज आधी तुमी वाढवला."

"तूबी वाढवलाच की."

"पर आधी तुमी. कावून वाढवला?"

बिभीषण थांबला. "समद्या बाया तुज्याकडंच बघत हुत्या," तो म्हणाला. "आन् धर्मराजनं फोनवर पैल्यांदा काय इचारलं, म्हाईत हाय? शिवकन्या येती का, म्हणून. माजं नाव मागनं घेतलं त्यानं."

"आन् तुमी मला सांगितलं न्हाई."

"न्हाई सांगितलं. वाटलं, ही गेली की मी इथं नुसता शेण भरायला राहीन."

तिला राग आला, आणि रागात त्याची कीवही आली, म्हणून तो आणखीच वाढला. ती झपाझप पुढं निघाली. कालवड वळणापलीकडं बाभळीत दावं गुरफटून उभी होती, थरथरत. दोघांनी मिळून काटे काढले. शिवकन्या तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "मी पुण्याला जाणार. तुमी आला तरी, न्हाई आला तरी." बिभीषणनं दावं सोडवलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी हाताला प्लॅस्टर घालून साखराबाई परतली. शिवकन्या तिच्या पाया पडायला गेली, तर म्हातारी म्हणाली, "हात मोडलाय माजा, कान न्हाई मोडलं. अर्धंच ऱ्हायलं की कालचं!"

अर्जुनराव मात्र पुन्हा वाजवू द्यायला तयार होईनात. "जनावरं पुन्यांदा उधळली तर जिम्मा कुणाचा?" शेवटी साखराबाईनंच गळ घातली, तेव्हा छावणीपासून लांब, शाळेच्या मैदानात वाजवा, म्हणाले. या खेपेला दोघांनी स्पीकर पुढं ठेवला, तोंड माणसांकडं, आणि स्वतः त्याच्या मागं उभे राहिले. आवाज आत शिरू नये म्हणून शिवकन्येनं गिटारीच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला आणि स्पीकरवरचा खर्ज कमी केला.

"आदी तुजा आवाज ठरव," बिभीषण म्हणाला. "मग मी माजा लावतो."

त्यानं आपला इतका खाली ठेवला की तिलाच म्हणावं लागलं, "वाढवा जरा. मला ऐकू येऊ द्या."

दुधाचा टेम्पो येईपर्यंत दोघं वाजवत राहिले. चूक झाली की तो तिच्याकडं बघून हसे. तिचं चित्त मात्र तिथं नव्हतं, ते केव्हाच पुण्याची गाडी मिळते त्या केजच्या स्टँडवर जाऊन बसलं होतं.

त्याच आठवड्यात ती पुण्याच्या गाडीत बसली. हॉटेलाचा स्वतःचा स्पीकर होता, म्हणून यांचा छावणीतच राहिला. पाऊस झाला आणि श्रावणात छावणी उठली. बिभीषणनं जनावरं भावाच्या दावणीला बांधली आणि स्पीकर पोत्यात गुंडाळून पुण्याच्या एसटीत चढवला, मागोमाग आपणही चढला. शिवाजीनगरच्या स्टँडवर शिवकन्या न्यायला आली होती. तो हात घालायच्या आधीच तिनं पोत्याचं एक टोक धरलं आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करायला लागली.