भुऱ्यासाठी धूर

उकंडाने घमेल्यातल्या निखाऱ्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकला. धुराचा लोट उठला, तसा भुऱ्या शिंकला, अंग झटकून उभा राहिला आणि कुंपणाच्या फटीतून शेजारच्या दीपमालाच्या ओट्यावर निघून गेला.

"जाय," उकंडा म्हणाला. "चावतीन तवा येशीन."

पण कुत्रा काही परत यायचा नाही, हे त्यालाही आता कळून चुकलं होतं. पोळा झाल्यापासून मच्छरांनी नुसता उच्छाद मांडला होता. भुऱ्याचे कान सुजले, नाकाडावर खपल्या धरल्या. उकंडाने जन्मभर गोठ्यात बैलांसाठी धूर केला. बैल कसे डोळे मिटून उभे राहायचे त्यात! तोच उपाय त्याने कुत्र्याला लावला. धूर कमी पडतो असं वाटून पाला वाढवला, तर कुत्रा आणखी लवकर पसार व्हायला लागला. तरी हा गडी आपला पाला वाढवतोच आहे.

बैल विकले गेले होते, बायको वारली होती, पोरगा पुण्याला कंपनीत लागला होता. राहता राहिला भुऱ्या. एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत उकंडाच्या तोंडून शब्द निघायचा नाही, आणि निघाला तर तो भुऱ्याशीच. हाही गेला तर बोलायचं कोणाशी? त्याला खरोखर भीती वाटली. त्याने खुंटीवरचं जुनं दावं काढलं आणि शेजारी गेला.

दीपमाला ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिचा नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. बाजूला टेबलफॅन घरघरत होता आणि त्याच्या पुढ्यात भुऱ्या पाय पसरून झोपला होता.

"या न काकाजी, बसा."

"बसत नाही. याले न्याले आलतो. तू काहून लळा लावला याले?"

"मी कायले लावू? तुमचा धूर झोंबते त्याले. बैलाचं येगळं राह्यते काकाजी. कुत्र्याचा सारा जीव नाकात. अन् पंख्याच्या हवेत मच्छर टिकत नाही, म्हणून येऊन पडते बिचारं."

उकंडाला आता उमगलं. म्हणजे इतके दिवस आपणच त्याला हाकलत होतो. त्याने वाकून भुऱ्याचा कान उलटा करून पाहिला. जुनी खपली सुकत आली होती, नवा चावा कुठे नव्हता. भुऱ्याने एक डोळा उघडला, शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा झोपला. दावं गळ्यात घालायला निघालेला हात उकंडाने मागे घेतला.

"राहू दे मंग इथंच," तो म्हणाला. "माह्या घरचा पंखा छताले हाय, अन् हा काही उंबरा चढत नाही."

तो जायला वळला, पण पाय निघेना. कुंपणापलीकडे त्याच्या रिकाम्या अंगणात धूर साचला होता.

"निंबोळीचं तेल हाय माह्याजवळ," तो पाठमोराच म्हणाला. "मच्छर चावत असतीन त... रोज संध्याकाळी येऊन लावून देत जाईन."

दीपमालाने गाढ झोपलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. मग पंख्याकडे. मग सूप बाजूला सरकवून तिने ओट्यावर एका माणसापुरती जागा केली.

"येत जा काकाजी," ती म्हणाली. "लय मच्छर हायत इथं."