कोरं मशीन

"काय म्हणतो तुमचा भांडारवाला?" हातातला कागद बाजूला ठेवत बायकोने विचारलं.

"अडलंय म्हणतो," फोन ठेवून छपाईवाला खुर्चीत बसला.

अंध मुलांच्या शाळेतली ही छपाईची खोली. तो ब्रेलची, उठावाच्या ठिपक्यांची पुस्तकं छापायचा. बायको जन्मापासून अंध. छापलेलं पान ती बोटांनी तपासायची. दोघांचं लग्नही याच खोलीतल्या भांडणांतून जमलेलं.

छपाईयंत्र चालवणारा प्रोग्राम कुणीतरी लिहून वाऱ्यावर सोडला होता. कम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्सची नवी आवृत्ती आली की तो रुसून बसे. छपाईवाल्याने तो डागडुजी करून, मशीनवर कसा बांधायचा त्या सूचनांसह, इंटरनेटवर लोकांच्या भांडारात ठेवला होता. तिथे कुणीही ठेवावं आणि ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावं. दुसरं भांडार अधिकृत. तिथे निवडक माणसं प्रत्येक प्रोग्राम तपासून, आपली सही करून ठेवत. मग एका हुकमात तो कुणाच्याही कम्प्युटरवर येई.

"म्हणजे ते दुकान, आणि आपली हातगाडी," बायको म्हणायची.

या महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. त्याच्या जागी येणाऱ्याला बटणं दाबण्यापलीकडे काही येत नव्हतं. प्रोग्राम पुन्हा रुसला की यंत्र बंद, आणि मुलांची पुस्तकंही. म्हणून त्याने अधिकृत भांडारातल्या एकाच्या मागे लकडा लावला होता. इतर अंधशाळांनीही त्या प्रोग्रामला मतं दिली, तेव्हा कुठे तो भांडारवाला तयार झाला.

"पण अडलं कुठे?"

"तो कोऱ्या मशीनवर बांधून बघतो. सूचनांत जे जे लागतं म्हणून लिहिलंय, तेवढंच त्यात येतं. माझी एक वस्तू लिहायची राहिली. ठिपक्यांचे तक्ते, कुठल्या अक्षराला कुठले ठिपके ते सांगणारे."

"इतकी वर्षं चालत होतं की!"

"माझ्या मशीनमध्ये ते पहिल्यापासूनच होते. त्यामुळे लागतात हे लक्षातच आलं नाही."

बायको हसली. "माझंही तसंच की हो. घरात आयती होते, म्हणून कुठे लिहिली नाहीत."

ती चेष्टेतच बोलली आणि पुढचं पान चाचपू लागली. तो मात्र कीबोर्डवर हात ठेवून तसाच बसला. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो एक चाचणीचं पान छापायचा, ती बोट फिरवून "ठीक" म्हणायची, आणि पान टोपलीत जायचं. ती "ठीक" म्हटल्याशिवाय त्याने एकही दुरुस्ती भांडारात ठेवली नव्हती.

त्याने राहिलेली ओळ लिहिली. मग भांडारवाल्याला फोन लावून दाराबाहेर गेला.

"आता बांधलं जाईल बघा. आणि सूचनांच्या वरती नावं असतात ना..."

"हो काका. सांभाळणारा म्हणून आता माझं नाव येईल. तुमचं त्याखाली, हातभार लावणाऱ्यांत. चालेल ना?"

"चालेल. माझ्याखाली आणखी एक घाला."

आठवड्याने प्रोग्राम अधिकृत भांडारात गेला. लोकांच्या भांडारातलं त्याचं पान काढून टाकण्यात आलं. सवयीने त्याने ते उघडायला घेतलं, तर पडद्यावर आलं: असं पान नाही. मग चारचौघांसारखा त्यानेही तो एक हुकूम टाइप केला. दुसरं काहीच करावं लागलं नाही.

"झालं?" बायकोने विचारलं.

"झालं. आता मी नसलो तरी चालेल."

"यंत्राचं सांगताय ना? मग बरं."

त्याने चाचणीचं पान छापलं. या वेळी सूचनांच्या माथ्यावरच्या ओळीच छापल्या. यंत्र खडखडलं, थांबलं. बायकोने पान ओढून घेतलं. बोट भांडारवाल्याच्या नावावरून झरकन गेलं, नवऱ्याच्या नावावरून सावकाश, आणि तिसऱ्या ओळीवर थांबलं. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आलं.

तो "ठीक" ऐकायला थांबला होता.

घडी घातली तर ठिपके बसतात, म्हणून तिने पानाची सैलसर गुंडाळी केली, आणि टोपली पायाने बाजूला सारून आपली पिशवी मागितली.